मांजर परदेशी न्यायचंय? मग आधी सुई, नंतर तिकीट

परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्या घरात कामांची एक ठरलेली रांग असते. पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं पत्र, पदव्यांचं साक्षांकन, गाडी विकणं, घराला भाडेकरू बघणं, भांडीकुंडी नातेवाइकांत वाटणं. मांजराचा विषय या रांगेत बहुतेक वेळा शेवटी येतो, तिकीट हातात पडल्यावर. कर्जत तालुक्यातल्या कडाव, कशेळे, नेरळहून किंवा खालापूरकडच्या चौक गावाहून गाडीने मुंबईचा विमानतळ काही तासांवर. तेव्हा ‘न्यायचंच झालं तर नेऊ की’ असं वाटणं साहजिक आहे. पण मांजराच्या परदेशगमनात विमानतळाचं अंतर, पिंजऱ्याची किंमत, अगदी विमानाचं भाडंसुद्धा दुय्यम ठरतं. खरा हिशेब दिवसांचा असतो आणि ते दिवस पैसे टाकून विकत मिळत नाहीत. म्हणून मांजर न्यायचं की नाही हे अजून ठरलं नसलं, तरी मायक्रोचिप आणि रेबीजची लस ही दोन कामं व्हिसाचा अर्ज भरतानाच उरकून घ्यावीत. त्यांचा खर्च बाकीच्या खर्चापुढे किरकोळ आहे, ती करून मांजर इथेच राहिलं तरी त्याचं नुकसान काहीच नाही, आणि न्यायचं ठरलं तर दार उघडं राहतं.

एवढी घाई कशाला, याचं उत्तर रेबीज. कुत्र्यांमुळे माणसाला होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केला, म्हणजे तो आज आपल्याकडे आहे हे सरकारही मान्य करतं. ज्या देशांनी तो आपल्या हद्दीतून हुसकावला, ते भारतातून येणाऱ्या प्राण्याकडे संशयाने बघणारच. युरोपीय संघाचा नियम पाहिला की या संशयामागचं तर्कशास्त्र कळतं. आधी मांजराच्या खांद्यांमध्ये, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची. तिच्यात बॅटरी नसते, असतो फक्त १५ आकडी क्रमांक. त्यानंतर, किंवा त्याच दिवशी पण चिपनंतर, रेबीजची लस. त्या वेळी मांजर किमान १२ आठवड्यांचं हवं. लसीनंतर कमीत कमी ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत त्यातली प्रतिपिंडं मोजून घ्यायची. दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त आकडा आला तर लस लागू पडली असं धरतात. आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने उलटल्याशिवाय प्रवास नाही.

हे तीन महिने लोकांना सगळ्यात खुपतात. अहवाल चांगला आला, मग वाट कसली बघायची? तर अहवाल एवढंच सांगतो की शरीराने लसीला प्रतिसाद दिला. लस टोचायच्या आधीच मांजराला एखाद्या पिसाळलेल्या जनावराने चावा घेतला असेल आणि विषाणू अंगात दबा धरून बसला असेल, तर ते अहवालात दिसत नाही. दिवस गेले की दिसतं, कारण तेवढ्यात आजार वर येतो. प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी ही मुदत ती कमी करू शकत नाही, एजंटही नाही. ब्रिटनचा क्रमही साधारण हाच. जपान त्याच्याही पुढे जातं: चिपनंतर रेबीजच्या दोन लसी, त्यांत किमान ३० दिवसांचं अंतर, मग रक्ततपासणी, रक्त काढल्यापासून १८० दिवसांची वाट, आणि पोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तिथल्या विलगीकरण खात्याला सूचना. म्हणजे सगळं बिनचूक झालं तरी सात महिने. मुदत अपुरी ठेवून गेलात तर उरलेले दिवस मांजराला तिथल्या विलगीकरणात काढावे लागतात.

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक अगदी साधी असते, ती म्हणजे चिपच्या आधी लस. गावाकडे बऱ्याच मांजरांना रेबीजची लस झालेली असते, पुस्तिकेत तारीखही असते, आणि घरच्यांना वाटतं की अर्धं काम झालं. पण चिप नसताना टोचलेली लस नेमकी याच मांजराला टोचली याचा पुरावा राहत नाही, म्हणून असे देश ती धरत नाहीत. लस पुन्हा घ्यावी लागते आणि तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. दुसरी चूक कागदावरची. लसीकरणाच्या पुस्तिकेत लसीच्या बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं हवं, त्यावर कंपनीचं नाव आणि बॅच नंबर वाचता यायला हवा. चिपचे पंधरा आकडे डॉक्टर घाईत हाताने लिहितात, त्यात १ आणि ७ सारखे दिसतात, कधी एक शून्य गळतं. रक्ताच्या नळीवर, प्रयोगशाळेच्या अर्जावर आणि आरोग्य दाखल्यावर तोच क्रमांक जसाच्या तसा उतरायला हवा. तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहून घ्या, नाहीतर ५/८ म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे, हा घोळ दुसऱ्या टोकाला होतो. आणि दवाखान्यातून निघण्याआधी स्कॅनर फिरवून चिप वाचता येते का ते स्वतः बघा, पडद्यावरचा आकडा पुस्तिकेशी ताडून बघा.

कर्जत तालुक्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा भर गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्यांवर असतो आणि तो तसा असणं रास्तच आहे. चिप, स्कॅनर, रक्तद्रव वेगळं करून थंड ठेवून पाठवणं, ही कामं पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईतल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांत नेहमीची आहेत. रक्त काढल्यावर यंत्रात फिरवून त्यातलं द्रव वेगळं करतात आणि तेच प्रयोगशाळेला जातं. प्रयोगशाळा परदेशातली असेल तर कुरिअरचे कागद आणि थंड पेटी यांची व्यवस्था दवाखान्याला आधी विचारून ठेवावी, कारण नमुना वाटेत खराब झाला तर रक्त पुन्हा काढावं लागतं आणि तीन महिने त्या नव्या तारखेपासून सुरू होतात. निघायच्या आठवड्यात मुंबईतल्या केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण आणि प्रमाणपत्र सेवेकडून निर्यातीचा आरोग्य दाखला घ्यायचा असतो. तिथे मांजर प्रत्यक्ष दाखवावं लागतं, सोबत डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, लसींची पुस्तिका, पासपोर्ट आणि तिकीट. युरोपासाठीचा दाखला दिल्यापासून दहा दिवसांत तिथे पोचावं लागतं, म्हणून तो फार आधी घेऊनही उपयोग नाही. वेळ मागून ठेवा, सुट्ट्या बघा. कडावहून कर्जत, चौक, पनवेल करत तिथे पोचण्यात अर्धा दिवस जातो हे धरूनच चाला.

देश कोणता, यावर मात्र सगळं बदलतं, आणि इथे अर्धवट माहितीने फार फसगत होते. अमेरिकेत जाणाऱ्या ओळखीच्यांनी ‘आम्हाला काही लागलं नाही’ असं सांगितलं तर ते खोटं नसतं. अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य यंत्रणेची मांजरासाठी रेबीज लसीची सक्ती नाही. मांजर निरोगी दिसायला हवं, बाकी ज्या राज्यात जायचं त्याचे नियम बघायचे. हवाईसारख्या ठिकाणी ते फार कडक आहेत. १ ऑगस्ट २०२४ पासून कडक झालेले अमेरिकी नियम कुत्र्यांसाठी आहेत, मांजरांसाठी नाहीत. कॅनडालाही तीन महिन्यांवरच्या मांजरासाठी रेबीज लसीचं व्यवस्थित प्रमाणपत्र पुरतं. याउलट ऑस्ट्रेलिया. भारतातून थेट मांजर तिथे नेताच येत नाही, कारण मान्य देशांच्या यादीत भारत नाही. आधी यादीतल्या एखाद्या देशात नेऊन, तिथे सगळी तयारी करून मगच पुढे नेता येतं, आणि पोचल्यावर मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या केंद्रात किमान दहा दिवस विलगीकरण. ऑस्ट्रेलिया याबाबतीत कुणाची भीड धरत नाही. २०१५ मध्ये हॉलिवूडचा नट जॉनी डेप दोन कुत्रे न सांगता खासगी विमानाने घेऊन गेला, तेव्हा ते परत पाठवा नाहीतर मारावे लागतील असं तिथल्या कृषिमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. न्यूझीलंडचंही भारताबाबत असंच आहे. त्यामुळे सिडनी किंवा ऑकलंडला निघालेल्या घराने मांजराला इथे चांगलं घर बघणं, हाच बहुतेकदा शहाणपणाचा मार्ग. सिंगापूरला जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं: तिथल्या सरकारी एचडीबी सदनिकांमध्ये मांजर पाळायला परवानगी मिळाली ती १ सप्टेंबर २०२४ पासून, तीही एका घरात दोनच. घराचा नियम आधी, मग विमानाचा.

आता आक्षेपांकडे. पहिला आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो: मांजर माणसाला नाही, घराला धरून असतं, त्याला कशाला हलवायचं? हा निव्वळ समज म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलं की अनोळखी जागेत मांजर मालकाकडे आधार म्हणून बघतं असं त्यांच्या चाचणीत दिसलं नाही. उलट अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठात २०१९ मध्ये झालेल्या चाचणीत पिल्लांपैकी जवळपास ६४ टक्के पिल्लं माणूस थोडा वेळ बाहेर जाऊन परत आल्यावर शांत झाली आणि मग खोली हुंगायला लागली, म्हणजे त्यांना त्या माणसाचा आधार वाटत होता. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले तर एवढंच म्हणता येतं की मांजरामांजरात फरक असतो. आणि नेमक्या याच कारणासाठी लवकर सुरुवात हवी. वाट बघण्याचे ते चार-सहा महिने रिकामे घालवायचे नसतात. कडावकडचं मांजर पडवीत झोपतं, दुपारी शेजाऱ्याच्या गवताच्या उडवीत उंदीर धरतं, रात्री कौलांवरून फिरतं. त्याला परदेशात चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचंय. मग या महिन्यांत त्याला हळूहळू घरात ठेवून बघा, मातीची पेटी वापरायला शिकवा, खिडकीला जाळी लावून बसायला फळी द्या, दिवसातून दोनदा खेळवा. दोन महिन्यांत ते रुळलं तर न्यायला हरकत नाही. रात्रभर दाराशी ओरडत राहिलं, अन्न टाकलं, अंगावरचे केस चाटून चाटून काढायला लागलं, तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि दुखणं काही नसेल तर ते इथेच ओळखीच्या माणसांत राहिलेलं बरं. तिकीट काढल्यावर जागे होणाऱ्याला ही परीक्षा घ्यायला वेळच उरत नाही.

दुसरा आक्षेप या पट्ट्यातला खास. कर्जत, खालापूर भागात फार्महाऊस मुबलक. ‘तिकडे सोडू, उंदीर खाईल, मोकळं राहील’ असं सर्रास म्हटलं जातं. अनोळखी जागी सोडलेलं मांजर त्या हद्दीतल्या बोक्यांच्या आणि कुत्र्यांच्या तावडीत सापडतं, किंवा जुन्या घराच्या दिशेने निघतं आणि वाटेत रस्ता असतो. शनिवार-रविवारी जागं होणाऱ्या बंगल्यात सोमवार ते शुक्रवार त्याला बघणारं कुणी नसतं. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या. मागे ठेवायचंच असेल तर माणसाकडे ठेवा, जागेकडे नको. आजीकडे, शेजारच्या काकूंकडे, जिथे मांजर आधीपासून जातंयेतं तिथे. नसबंदी आणि लसी करून, वर्षाच्या खर्चाचं बोलून, आणि निघायच्या महिनाभर आधीपासून त्याचं खाणंपिणं त्या घरी सुरू करून.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे: विमानाच्या पोटात मांजर गुदमरून मरतं. जिवंत प्राणी ठेवतात तो सामानाचा कप्पा प्रवाशांच्या केबिनसारखाच दाब राखलेला असतो, तापमानही सांभाळलं जातं. अमेरिकेचं परिवहन खातं तिथल्या विमान कंपन्यांकडून प्राण्यांच्या मृत्यूंची नोंद घेतं. २०१९ मध्ये सुमारे चार लाख प्राण्यांच्या वाहतुकीत ११ मृत्यू नोंदले गेले. आकडा छोटा आहे, पण शून्य नाही, आणि बसक्या नाकाच्या प्राण्यांना धोका जास्त असतो. म्हणून पर्शियनसारख्या चपट्या तोंडाच्या मांजरांना अनेक कंपन्या कार्गोत घेतच नाहीत. आपलं गावठी मांजर, लांब नाकाचं, तीन-चार किलोचं, या बाबतीत नशीबवान. हवेतल्या तासांइतकीच काळजी जमिनीवरच्या तासांची करावी. एप्रिल-मे महिन्यात कर्जतचा पारा चाळिशी ओलांडतो, विमानतळाचं डांबरही तापतं, आणि उन्हाळ्यात काही कंपन्या प्राणी घेणं थांबवतात. जुलैत मुसळधार पावसाने रस्ते आणि लोकल अडतात. जमत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली रात्रीची फ्लाइट धरा, एकाच विमानाची, नाहीतर एकदाच बदलायची. वाटेत उतरून दुसऱ्या देशाच्या हद्दीत शिरावं लागणार असेल तर त्या देशाचेही नियम लागू होतात, हे तिकीट स्वस्तात मिळतंय म्हणून विसरू नका. पनवेलजवळचा नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि कडावहून तो जवळ पडतो, पण जनावरांच्या कार्गोची सोय आपल्या कंपनीकडे तिथून आहे का, हे लेखी विचारल्याशिवाय गृहीत धरू नये.

केबिन की कार्गो, हेही आपल्या मनावर नसतं. ब्रिटनला मांजर केबिनमधून नेता येत नाही, कार्गोनेच जातं. इतरत्र कंपनीवर अवलंबून. लुफ्थान्सा पिशवीसह ८ किलोपर्यंत केबिनमध्ये घेते, तर काही कंपन्या प्राणी घेतच नाहीत. केबिनमधून नेताना खरा अवघड क्षण सुरक्षा तपासणीचा असतो. पिशवी यंत्रातून जाते आणि मांजर हातात धरून दारातून न्यावं लागतं. तिथल्या गर्दीने आणि आवाजाने बिथरलेलं मांजर अंगावरून उडी मारून पळालं तर विमान निघून जातं. म्हणून महिनाभर आधीपासून अंगावर हार्नेस आणि दोरीची सवय लावा, आणि बंद खोलीत तपासणी करण्याची विनंती आधीच करा.

कार्गोचा पिंजरा आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयटाच्या मापात हवा: मांजराला आत ताठ उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं. दोन्ही अर्धे भाग क्लिपऐवजी स्क्रू-बोल्टने जोडलेले, दार धातूचं, पाण्याची वाटी बाहेरून भरता येईल अशी. हा पिंजरा निघायच्या आठवड्यात आणू नका. दोन महिने आधी आणून, दार काढून, घराच्या कोपऱ्यात ठेवा, त्यात खाणं द्या, त्याच्या नेहमीच्या झोपण्याचं फडकं टाका. पुढे दार लावून पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग गाडीतून कर्जत बाजारापर्यंत जाऊन परत. निघायच्या दिवशी काही तास आधी हलकं जेवण, तळाला ओल शोषणारं पॅड, आणि झोपेचं औषध स्वतःच्या मनाने अजिबात नको. गुंगीतल्या प्राण्याचा रक्तदाब आणि श्वास उंचीवर बिघडू शकतो, म्हणून आयटाही त्याविरुद्ध सांगते, आणि गुंगीत दिसणारं जनावर कंपनी चढवूनही घेत नाही.

एजंट नेमावा का? कार्गो बुकिंग, कस्टम, पलीकडचं उतरवून घेणं यात चांगल्या एजंटची फार मदत होते, विशेषतः ब्रिटनच्या बाबतीत. फक्त पैसे देण्याआधी त्याला एकच विचारा: माझ्या मांजराच्या आजच्या कागदांवर लवकरात लवकर कोणत्या तारखेला निघता येईल? जो तारखा मोजून सांगतो त्याच्याकडे द्या. ‘मागची तारीख टाकून घेऊ’ म्हणणाऱ्याकडून उठून या; रक्ताचा अहवाल आणि लसीची तारीख जुळली नाही की पलीकडे मांजर विलगीकरणात जातं किंवा परत पाठवलं जातं, आणि तेव्हा हा माणूस फोन उचलत नाही. वेळ कमीच पडत असेल तर दुसरी वाट आहे. एकाने आधी जावं, घरातल्या दुसऱ्या कुणी, कागदांवर मालक म्हणून नाव असलेल्याने, मुदत संपल्यावर मांजर घेऊन निघावं. युरोपात मांजर मालकासोबत, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसासोबत पण मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस आगेमागे गेलं, तर तो घरगुती प्रवास मानतात. त्यापलीकडे गेलं की व्यापारी वाहतुकीचे कडक नियम लागतात.

पोचल्यावर पहिले आठवडे मांजराला एकाच खोलीत ठेवा, पेटी, पाणी, लपायला खोका आणि इथून नेलेलं न धुतलेलं फडकं देऊन. पहिल्या दिवशी कपाटामागून बाहेर आलं नाही तर ओढून काढू नका. दोन दिवसांत काहीच खाल्लं नाही तर मात्र डॉक्टर गाठा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून ते जिवावर बेततं, लठ्ठ मांजरात तर फार लवकर. आणि रेबीजच्या पुढच्या डोसची तारीख फोनमध्ये लावून ठेवा. तो डोस वेळेत मिळत राहिला तर युरोपच्या नियमाप्रमाणे रक्ताचा तोच अहवाल पुढेही चालतो. एक दिवस जरी चुकला तरी पुढच्या वेळी भारतात सुट्टीला येऊन मांजरासह परतताना लस, तीस दिवस, रक्त आणि तीन महिने पुन्हा पहिल्यापासून.